खाणं आणि बोली : खानदेशातल्या नव्या संशोधकानं पहिला शोधनिबंध कसा मांडावा

खानदेशच्या खाद्यसंस्कृतीवरचे बरेच शोधनिबंध एकाच वाक्यानं सुरू होतात : 'खानदेशची खाद्यसंस्कृती समृद्ध आणि वैविध्यपूर्ण आहे.' मग भरीत, कळण्याची भाकरी, फुणके, डुबुकवडे, बिबडे, शेवभाजी, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे अशी नावं येतात, प्रत्येकाची दोन ओळींत कृती येते आणि वेळ संपल्याची सत्राध्यक्षांची चिठ्ठी येते. यादी खरी असते, मेहनतही खरी असते. पण यादी म्हणजे संशोधन नव्हे. जळगाव, धुळे, नंदुरबारमधले मराठीचे, समाजशास्त्राचे, गृहविज्ञानाचे जे विद्यार्थी या विषयावर पहिल्यांदा चर्चासत्राच्या मंचावर जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा आग्रह एकच आहे. एक लहान प्रश्न घ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं सभागृहापर्यंत पोचवा.

प्रश्न लहान करा

'खानदेशातील खाद्यपदार्थांचा भाषिक अभ्यास' हा विषय पंधरा मिनिटांत मावत नाही, पीएच.डी.तही मावणार नाही. एका गावात, एका हंगामात, दहा-बारा माणसांशी बोलून ज्याचं उत्तर मिळेल असा प्रश्न हवा.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. मराठीत आपण वांगं भाजतो, शेंगदाणे भाजतो, पापड भाजतो, भाकरीही भाजतो. या सगळ्यांत पदार्थ पाण्यात शिजत नाही आणि तेल जवळजवळ नाही. तळण्यात तेल लागतं, शिजवण्या-उकडण्यात पाणी लागतं. स्वयंपाकाच्या क्रियापदांची अशी उकल करता येते हे एड्रियन लेहरर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ मध्ये दाखवलं. पाणी आहे का, स्निग्ध पदार्थ आहे का, जाळ थेट लागतो का, अशा खुणांनी एकेक क्रियापद दुसऱ्यापासून वेगळं काढायचं. आता ही चौकट घेऊन बट्टीकडे या. काही घरांत बट्टी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. काही घरांत आधी उकडून किंवा वाफवून, मग कापून तळतात. दोन्ही ठिकाणी ताटात बट्टीच येते. पण ती करणारी बाई 'बट्ट्या केल्या' असं म्हणते, 'भाजल्या' म्हणते, 'तळल्या' म्हणते की आणखी काही? फुणक्यांचं तसंच. भिजवून भरड वाटलेल्या डाळीचे मुटके वाफेवर होतात, पण घरात त्या क्रियेला 'वाफवणं' म्हणतात का? की 'उकडणं'? की पदार्थाच्या नावापुढे नुसतं 'करणं'च येतं? याचं उत्तर खुर्चीत बसून देता येत नाही, विचारायला जावंच लागतं. म्हणूनच हा चांगला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न रस्त्यावर सापडेल. जळगावातल्या घरात कोणी 'आज खानदेशी भरीत केलंय' असं म्हणत नाही. भरीत 'खानदेशी' होतं ते पुण्या-मुंबईच्या पाटीवर, किंवा महामार्गावरच्या ढाब्याच्या फलकावर. हे विशेषण कुठे सुरू होतं? 'अस्सल', 'गावरान', 'चुलीवरचं' हे शब्द त्याच्यासोबत कधी येतात? सुरत-नागपूर महामार्गानं नवापूर ते मुक्ताईनगर गेलात तर धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत पाट्यांचं मोठं साहित्य हाती लागतं. नवापूरकडे त्यात गुजरातीही मिसळते. तिथलं रेल्वे स्थानकच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. पाट्यांची छायाचित्रं घेताना ठिकाण आणि तारीख टिपत गेलात की लहानसा पण भक्कम निबंध होतो. याच्या पार्श्वभूमीसाठी मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांचा १९८८ चा भारतीय पाककृतीपुस्तकांवरचा लेख वाचा. प्रादेशिक पाकपरंपरा छापील पुस्तकांतून, शहरी मध्यमवर्गाच्या देवाणघेवाणीतून कशा आकार घेतात, हे त्यात समजतं.

सणांचे विषयही आहेत : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींच्या झोक्यावरच्या गाण्यांतलं खाणं, श्रावणातल्या कानबाई देवीचे रोट. पण रोट हे भावकीतलं, देवाचं अन्न आहे. तिथे ध्वनिमुद्रणाला घरच्यांची मनापासून तयारी असेल तरच हा विषय घ्या.

कोणती बोली, ते आधी सांगा

'खानदेशी भाषेत याला असं म्हणतात' हे वाक्य निबंधातून काढून टाका. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी आहे आणि ती पुढे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण-मालेगावपर्यंत जाते. यावल, रावेर, भुसावळ, जळगावच्या परिसरात लेवा गणबोली ऐकू येते. सातपुड्याच्या बाजूला भिली, पावरी आहेत, नवापूरकडे मावची आहे. शिवाय गुर्जर समाजाची गुजरी आहे, तडवींचं बोलणं आहे. 'भाजी कशी आहे?' हेच वाक्य अहिराणीत 'भाजी कशी शे?' होतं आणि लेवा गणबोलीत 'भाजी कशी हाये?' असं ऐकू येतं. लेवा गणबोलीत 'पोळी'ची 'पोयी' होते. एवढा फरक असताना सगळ्यांना एकाच नावाखाली घातलं तर निबंधाचा पायाच डळमळतो.

'अहिराणी ही भाषा की बोली?' हा वाद मंचावर हमखास निघतो, म्हणून दोन-तीन गोष्टी हाताशी ठेवा. ग्रिअर्सन यांच्या ब्रिटिशकालीन भाषासर्वेक्षणात खानदेशीचा (यातच अहिराणी येते) समावेश नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिली भाषांसोबत केला आहे, मराठीच्या खंडात नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली आहे आणि तिचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार नोंदले आहेत. त्याच वेळी अहिराणी बोलणारे अनेक जण स्वतःची भाषा मराठीच सांगतात. तुमचा निबंध या वादावर नसेल तर एका वाक्यात भूमिका सांगा आणि पुढे चला.

ग्रिअर्सनच्या त्या खंडाचा आणखी एक उपयोग आहे, तिकडे फारसं कोणी पाहत नाही. बोलींचे नमुने म्हणून त्यांनी बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीची भाषांतरं गोळा केली होती. त्या गोष्टीत भूक आहे, डुकरांच्या खाण्याच्या शेंगा आहेत, मजुरांना पुरून उरणारी भाकरी आहे आणि शेवटी मेजवानी आहे. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचे अन्नाचे शब्द शेजारशेजारच्या बोलींत एकाच प्रसंगात मांडलेले मिळतात. ते भाषांतरित आहेत, सहज बोललेले नाहीत, हे मात्र निबंधात नमूद करा.

वाचन

फार पसरू नका. १८८० चं खानदेश गॅझेटिअर पिकं आणि निरनिराळ्या समाजांचं खाणं यांसाठी वाचा, पण ते साहेबी प्रशासनाच्या नजरेनं लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून. शब्दांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही पाहा. दुसऱ्यात शब्दापुढे प्रादेशिक खुणा असतात. क्रियापदांवर काम करणार असाल तर इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा धातुकोश आहे. त्यांच्या निधनानंतर धुळ्यात १९२७ मध्ये स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ आपल्याच भागात आहे. तिथे एकदा तरी जाऊन बसा. आजच्या बोलींसाठी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण संकेतस्थळावर उपलब्ध आहे. शब्द कसे विचारले, उत्तरं कशी नोंदवली, हे त्यातून शिकता येतं.

बहिणाबाईंच्या कवितेतून उतारे घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. कविता हे साहित्य आहे, ती एका प्रतिभावंत बाईची निवड आहे. आजच्या यावल-रावेरमधली बाई कसं बोलते याचा पुरावा म्हणून ती वापरू नका.

गावात जाण्याआधी पंचांग पाहा

चर्चासत्रं बहुधा डिसेंबर ते मार्चमध्ये होतात आणि विद्यार्थी नोव्हेंबरात जागे होतात. पण खाणं हंगामाचं असतं. भरताची वांगी थंडीतली. बिबडे, पापड, कुरडया उन्हाळ्यातल्या. कानबाई श्रावणात. मोहफुलं वेचायची वेळ उन्हाळ्याच्या तोंडी. पापडावर निबंध हवा असेल तर ध्वनिमुद्रण आदल्या उन्हाळ्यातच व्हायला हवं. हिवाळ्यात कोणाला 'तुम्ही पापड कसे करता?' असं विचारलं तर आठवून दिलेलं, नीटनेटकं केलेलं उत्तर मिळतं. काम चालू असताना जे बोलणं होतं त्याची सर त्याला येत नाही.

बोलणं कसं मिळवायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, इथे घाई करू नका.

वही उघडून 'याला तुमच्यात काय म्हणतात?' असं विचारत सुटू नका. समोरची बाई शिकलेल्या माणसाशी बोलताना प्रमाण मराठीकडे वळते, तिला तुमचा मान राखायचा असतो. निरीक्षकाच्या उपस्थितीनंच बोलणं बदलतं, या अडचणीवर भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ मध्येच बोट ठेवलं होतं. यावर उपाय साधा आहे. काम चालू असताना जा आणि दोघी-तिघी एकत्र असतील तेव्हा जा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर बिबडे घालताना चार जणी असतात. त्यांचं बोलणं एकमेकींशी चालतं, तुमच्याशी नाही. तेच तुम्हाला हवं आहे. गावातली ओळखीची मुलगी सोबत घ्या आणि प्रश्न तिला तिच्या बोलीत विचारू द्या. तुम्ही स्वतः अहिराणी बोलत असाल तर तीच बोला. शहरात शिकून आलेल्या मुलाच्या तोंडून 'माय, हाई काय शे?' ऐकलं की समोरचं माणूस सैल होतं.

भरताचं पाहा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, मग ती लाकडी बडगीत ठेचतात. त्या भांड्याला आणि ठेचायच्या दांड्याला गावोगाव नेमकं काय म्हणतात ते विचारा; भाजून झाल्यावर साल काढण्याला, देठ धरण्याला काय शब्द आहेत ते ऐका. वांगं 'झालं' हे बाईला कशावरून कळतं आणि ती ते कसं सांगते, हा एकच प्रश्न तुम्हाला पाच-सहा विशेषणं देऊन जाईल. शेतकऱ्याची भाषा आणखी वेगळी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याच्या अर्जातली सरकारी वर्णनं आणि शेतातलं वर्णन शेजारी ठेवून पाहा.

परवानगी आधी घ्या, तिच्या भाषेत घ्या आणि तीही मुद्रित करा. आवाज मंचावर ऐकवणार का, नाव लिहायचं की नाही, हे वेगवेगळं विचारा. सुरुवातीला गाव, तारीख, उपस्थित माणसं यांची नोंद तोंडी करा. मुद्रण शक्यतो वेव्ह स्वरूपात ठेवा, मोबाइलमध्ये त्याची अॅप असतात. मोबाइल ओट्यावर नुसता न ठेवता खाली घडी केलेलं फडकं घाला. मिक्सर आणि कुकरची शिटी यांपुढे काही ऐकू येत नाही, म्हणून आधी अर्धा मिनिट मुद्रित करून ऐकून पाहा. घरी आल्यावर त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत ठेवा. लिप्यंतरासाठी इलान हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, उच्चारांवर काम असेल तर प्रात.

आणि ही चूल कोणाची, हे लिहा. खानदेशच्या खाण्यावरचे बरेचसे निबंध शाकाहारी, सणासुदीच्या, जमीनदार घरांतल्या पदार्थांवरच थांबतात. भिल्ल, पावरा, तडवी, दलित वस्त्या, भूमिहीन मजूर यांचं रोजचं खाणं, सुकी मासळी, मटण, मोहफूल, रानभाज्या हेही खानदेशचंच खाणं आहे आणि त्याची शब्दसंपदा अजून फार कमी नोंदली गेली आहे. सगळ्यांवर लिहा असं मी म्हणत नाही. पण एका समाजाच्या दहा घरांत काम केलं असेल तर निबंधाच्या शीर्षकात त्या समाजाचं आणि गावाचं नाव घाला, 'खानदेश' नको.

गोषवारा

अडीचशे ते तीनशे शब्द मागतात. त्यात चार गोष्टी हव्यात : प्रश्न काय, साहित्य कुठून आणि कोणाकडून, पद्धत काय, काय सापडलं. चौथी बहुतेक जण गाळतात आणि 'या निबंधात चर्चा करण्यात येईल' असं लिहितात. त्याऐवजी असं लिहा : 'अमळनेर तालुक्यातल्या अमुक गावात स्वयंपाक चालू असताना केलेल्या ध्वनिमुद्रणांत उष्णतेच्या क्रियापदांचे तीन गट दिसतात, प्रमाण मराठीत एका क्रियापदानं भागतं तिथे या घरांत दोन वापरली जातात.' अर्थात तसं खरोखर सापडलं असेल तरच. काही सापडायचं बाकी असताना गोषवारा पाठवावा लागला, तर आतापर्यंत काय दिसतंय ते लिहा.

सरकपट्ट्या

पंधरा मिनिटांना आठ-नऊ सरकपट्ट्या (स्लाइड) पुरतात. पहिल्यावर शीर्षक, दुसऱ्यावर प्रश्न आणि त्याचं उत्तरही. उत्तर शेवटापर्यंत राखून ठेवू नका, ऐकणाऱ्याला आधी कळलं की पुढचा पुरावा तो नीट ऐकतो. मग गावाचा नकाशा, माणसांची माहिती (वय, शिक्षण, माहेर कुठलं, कारण लग्नानंतर बाईची बोली बदलते), पद्धत एका सरकपट्टीवर. बाकी सगळी जागा पुराव्याला.

क्रियापदांच्या उदाहरणात तक्ता असा होईल : डावीकडे क्रियापदं, वर 'पाणी', 'तेल', 'थेट जाळ', 'झाकण', आणि चौकटींत हो किंवा नाही. झाकण हा रकाना मी मुद्दाम सुचवते, वाफेचे पदार्थ त्यावाचून वेगळे पडत नाहीत. बोलीतलं वाक्य तीन ओळींत द्या. पहिल्या ओळीत बोललेलं जसंच्या तसं : 'भाजी कशी शे?' दुसऱ्या ओळीत शब्दाखाली शब्द, 'शे' खाली 'आहे, वर्तमान'. तिसऱ्या ओळीत प्रमाण मराठी वाक्य. बोलीतला उच्चार 'सुधारून' लिहू नका.

एक आवाज ऐकवा, एकच, वीस सेकंदांचा. ती तुमच्या निबंधातली सर्वात मोलाची वीस सेकंदं असतात. ध्वनिफीत सरकपट्टीत बसवा आणि वेगळीही पेनड्राइव्हवर ठेवा. सभागृहाच्या संगणकावर ती चालते का हे सत्र सुरू होण्याआधी पाहून घ्या. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा; जुन्या फाँटमधलं मराठी दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उमटतं. पीडीएफ प्रत जवळ असू द्या. पदार्थांची आकर्षक छायाचित्रं दोनपेक्षा जास्त नकोत.

मंचावर

पत्रिकेवर पंधरा मिनिटं असली तरी उद्‌घाटन लांबतं आणि दुपारच्या सत्रात तुमच्या वाट्याला सात येतात. म्हणून पंधरा, दहा आणि सात मिनिटांच्या तीन मांडण्या तयार ठेवा. सातच्या मांडणीत प्रश्न, तो आवाज, तक्ता आणि निष्कर्ष एवढंच. 'वेळेअभावी' हा शब्द उच्चारण्यात वेळ घालवू नका. मान्यवरांची लांबलचक नावंही नकोत, 'सत्राध्यक्ष आणि मित्रहो' पुरे.

अहिराणी किंवा पावरी वाक्य ऐकवताना सभागृहात कधीकधी हसू फुटतं. विनोदी कार्यक्रमांनी आणि चित्रफितींनी लोकांना ती सवय लावली आहे. तुम्ही त्यात सामील होऊ नका. बोलीचा हेल काढून नक्कल करू नका, गमतीचं उदाहरण निवडू नका. ती बोली तुमची नसेल तर वाक्य स्वतः म्हणण्यापेक्षा ध्वनिफीतच लावा आणि हसू आलं तरी शांतपणे पुढची ओळ समजावून सांगा. ज्या बाईनं तुम्हाला घरात घेतलं, भाकरी खाऊ घातली, तिच्या बोलण्याला सभागृहात मान मिळणं ही तुमची जबाबदारी आहे.

प्रश्नोत्तरं

'हा शब्द संस्कृतमधून आला ना?' असा प्रश्न येतोच. व्युत्पत्ती हा तुमचा विषय नसेल तर तसं सांगा. गावात ऐकलेल्या व्युत्पत्तीच्या गोष्टी लोकांची समजूत म्हणून नोंदवाव्यात, सिद्धान्त म्हणून नव्हे.

'आमच्याकडे असं म्हणत नाहीत' या प्रश्नानं नवीन मुलं घाबरतात. घाबरू नका, हा तुम्हाला फुकट मिळालेला पुरावा आहे. 'तुमचं गाव कोणतं? घरी कोण म्हणतं?' असं विचारा आणि त्यांच्यासमोरच वहीत लिहा.

'याचा उपयोग काय?' यालाही ठोस उत्तर असावं. अंगणवाडीतल्या आहाराच्या सूचना कोणत्या शब्दांत द्यायच्या, आश्रमशाळेतल्या मुलाला पहिलीच्या पाठ्यपुस्तकातलं खाणं ओळखीचं वाटतं का, आरोग्यसेविकेनं 'उकडलेलं खा' असं सांगितलं तर समोरच्या घरात त्याचा अर्थ काय घेतला जातो, हे सगळे प्रश्न शब्दांचेच आहेत.

नंतर

छापायला देताना उसना मजकूर तपासून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाला पात्र नसतं, पण पाककृतींची वाक्यं जशीच्या तशी उचलली तर तो आकडा सहज ओलांडला जातो. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांना निबंध देऊ नका. उशीर झाला तरी चालेल, पण तपासून घेणाऱ्या संपादकाकडे द्या.

सभागृहात मिळालेले शब्द तक्त्यात घालताना त्यांच्यापुढे वेगळी खूण करा, कारण ते काम चालू असताना ऐकलेले नाहीत. मग एकदा त्या गावी जा, ध्वनिफीत ज्यांची आहे त्यांना ऐकवा, लिप्यंतर मोठ्यानं वाचून दाखवा. 'मी असं नही म्हनेल' असं कोणी म्हटलं तर ते वाक्य पुन्हा ऐका, दोघं मिळून ठरवा आणि मतभेद राहिला तर तळटीपेत दोन्ही रूपं द्या. निबंध संपादकाकडे जाण्याआधी एवढं झालेलं असावं. छापील प्रत आली की त्या घरी आणि गावच्या वाचनालयात एकेक द्या.